कायमचा पत्ता

मांद्र्याला जुनसवाड्यात माझ्या पाच खोल्या.
पाहुणा उतरला की चोवीस तासांत
पोलिसांच्या संगणकावर फॉर्म भरायचा :
नाव, पासपोर्ट, कुठून आलात, कुठे जाणार.
‘कायमचा पत्ता’ या रकान्यापाशी
बरेच जण जरा थांबतात.

दोन नंबरच्या तमाराने लिहिलं, बेर्योझोव्का.
चार नंबरचा म्हातारा आलेस, लेकीबरोबर आलेला,
त्यानेही तेच, थरथरत्या अक्षरात.
मला केवढा आनंद!
सकाळी दोघांना एका टेबलावर बसवलं,
पाव, पातळभाजी, चहा,
म्हटलं, घ्या, तुमच्या गावचं माणूस.

दोघं बोलू लागली. मग हसू लागली.
डोळे पुसत तमारा म्हणाली, बाय,
आमच्याकडे बेर्योझोव्का शेकड्यांनी.
जिथे चार बेर्योझा दिसल्या
तिथे कोणीतरी गाडी सोडली, चूल मांडली.
नाव शोधायला वेळ कुणाला होता?

बेर्योझा म्हणजे झाड.
तिने फोनवर दाखवलं : पांढरी साल,
कागदासारखी सुटणारी.
हा तर भूर्ज, मी म्हटलं.
पाहिला नाही कधी, पण मास्तर सांगायचे
जुन्या पोथ्या याच्यावर लिहीत.
भूर्ज, ती म्हणाली. बेर्योझा, मी म्हणाले.
लांब दिलेल्या दोन बहिणी,
नाक तेवढं एक.

तिच्या गावात शाळा, घसरडा पूल,
शुक्रवारी येणारी पावाची गाडी.
आणि तुमच्या?
म्हाताऱ्याने खराब झालेला फॉर्म उलटा केला,
पेन्सिलीने विहीर काढली, मग घरं,
प्रत्येक घरावर माणसाचं नाव.
मध्येच अडला. लेकीने पुढचं सांगितलं :
एप्रिलमध्ये बसेस आल्या.
तीन दिवसांसाठी, म्हणाले. मांजरं राहू द्या.
मी तेव्हा सहा वर्षांची.
आता चुलींमधूनसुद्धा बेर्योझा उगवल्यात.

गाव अगदी नावाइतकं झालेलं.

चहा निवला. मला काही सुचेना,
म्हणून माझ्या माहेराचं सांगितलं.
सावर्डे, सत्तरीतलं.
दुसरं सावर्डे खाली, रेल्वे स्टेशनचं,
खाणीच्या ट्रकांनी लाल झालेलं.
सावर दोन्हीकडे फुलत असणार, त्याशिवाय का?
वडील म्हापशात नोकरीला, माझं लग्न तिथेच.
काकाला पत्रिका धाडली : पुनो गावकर, सावर्डे.
ती गेली त्या सावर्ड्याला.
तिथेही एक पुनो गावकर.
आला बिचारा तीन बस बदलून,
इस्त्रीचा शर्ट, हातात नारळ,
मांडवात ओळखीचं एक तोंड नाही.
कुठले? वडिलांनी विचारलं.
सावर्ड्याचा.
मग बसा की!
बसला, जेवला, आहेर केला.
पुढे बारा वर्षं चवथीला
माटोळीसाठी कांगलां पाठवायचा,
बसच्या कंडक्टरकडे, ओल्या फडक्यात बांधून.
खरा काका रुसला, तो रुसलाच.

तमाराने हे सगळं त्याच्या भाषेत सांगितलं,
की तिच्या, मला फरक कळत नाही.
म्हातारा पुष्कळ वेळ हसला.
नारळ म्हणजे नक्की केवढा, ते त्याने
अंगणातला हातात घेऊन पाहिलं.

दुपारी फॉर्म भरायला बसले.
त्याच्या पत्त्यापाशी रकाना लाल.
पिनकोड टाका. टाकल्याशिवाय पुढे जाईना.
शहरातला टाकू, जिथे आता राहता?
लेक हो म्हणाली. तो नाही म्हणाला.
गावाला पिनकोड उरलेला नव्हता.

ओले केस पिळत तमारा आत आली,
पडद्याकडे बघितलं,
माझा घाल, म्हणाली.
सहा आकडे एकेक करून सांगितले.
मी टाइप करत गेले,
आणि तो तिच्यामागून पुटपुटत होता,
पहिलीतली मुलं पाढे म्हणतात तसा,
चौथा आकडा चुकला, तिने परत सांगितला.

संगणकाने घेतला.